बॅनरवर माझ्याच मुलीचा रंग बदलला : जाहिरातीत 'छान' कोण दिसतं?

तलावपाळीवरची (धागाकर्ती)

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. ओळखीतल्या एका साडीच्या दुकानदारांनी माझ्या लेकीला विचारलं, दिवाळीच्या बॅनरसाठी पैठणी नेसून फोटो देशील का? ती १९ वर्षांची. रंगाने माझ्या वडिलांवर गेलेली, चांगली सावळी. तिला फार आनंद झाला. आंब्याच्या कोयऱ्यांची जांभळी पैठणी, आईची जुनी नथ, हिरव्या बांगड्या. दुकानाच्या मागच्या खोलीत तासभर फोटो काढले. मी तिथेच होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री बॅनर लागला. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडला सगळं ठाणं नटूनथटून येतं, त्या गर्दीला दिसेल अशा जागी. आम्ही दोघी मुद्दाम बघायला गेलो. साडी तीच, नथ तीच, हसणंही तिचंच. कातडी मात्र तिची नव्हती. चेहरा, गळा, हात, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण आहे, तीही गायब. ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ही मी नाहीये. चल."

घरी आल्यावर सासूबाईंना फोनमधला बॅनरचा फोटो दाखवला. त्या मनापासून म्हणाल्या, "अगंबाई, किती छान दिसतेय पोर!" त्यांचं प्रेम मला माहीत आहे, म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. लेक उठून आत गेली.

दुकानदारांना फोन केला. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "ताई, आम्ही काही सांगितलंच नाही, प्रेसवाले करतातच तेवढं." म्हणजे कोणी ठरवलंच नाही आणि तरी झालं. तेव्हापासून तीन हात नाक्यापासून घोडबंदरपर्यंत जाता-येता प्रत्येक होर्डिंग बघते आहे. दागिने, टॉवर, शाळा, क्लासेस, दवाखाने. या सगळ्या चित्रांत माझ्या लेकीसारखी मुलगी कुठे आहे? आणि आहे तिथे ती काय करते आहे?

तुम्हाला काय दिसतं ते लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

जुना नौपाडकर

ताई, तुमच्या लेकीला माझे आशीर्वाद सांगा.

मी ७८ वर्षांचा आहे, त्यामुळे थोडं मागचं सांगतो. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी म्हणजे आपल्या लीला चिटणीस, साल १९४१. पदवीधर बाई. शिकलेली, घरंदाज घरातली स्त्री सिनेमात येते हेच तेव्हा नवल होतं. ग्लॅमर ही वस्तू बाजारात आली ती अशी: साबण तुमच्या आटोक्यातला आणि चेहरा तुमच्या आटोक्याबाहेरचा. वडी विकत घेतली की त्या दोहोंतलं अंतर मिटेल, असं न बोलता सांगायचं. त्याला आता ८० वर्षं उलटून गेली, पण युक्ती तीच आहे.

तरी एक अपवाद मला फार आवडायचा. १९८०च्या दशकातल्या सर्फच्या ललिताजी. ॲलेक पदमसींची कल्पना, कविता चौधरींनी उभी केलेली. साधी साडी, बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर देणारी बाई. तिला कोणी सुंदर म्हटलं नाही आणि तिला कोणी विसरलंही नाही. आमच्या गोखले रोडच्या किराणा दुकानात बायका तिच्यासारखं बोलून हिशेब विचारायच्या. एवढी ताकद चित्रात असते, म्हणून ते कोण काढतं याची काळजी वाटते.

---

दोन मुलींचा बाबा

काका, ललिताजी मलाही आवडायची. पण कपडे धुण्याची काळजी तिचीच होती ना?

माझी कंपनी बंद पडल्यावर मी दीड वर्ष घरी होतो, बायको नोकरीला. धुणं, डबे, पोरींच्या वेण्या, सगळं केलं. त्या काळात टीव्हीवर जाहिराती लागल्या की वाटायचं, मी करतो ते काम जगात दुसरा कोणी पुरुष करतच नाही. २०१५ मध्ये एरियलने 'कपडे धुणं फक्त बाईचंच काम का' असं विचारणारी मोहीम सुरू केली, ती बघून खूप बरं वाटलं होतं. पण अशा जाहिरातींमध्ये पुरुष कपडे धुतो तेव्हा मागे हळवं संगीत लागतं, बायकोच्या डोळ्यांत पाणी येतं. बाईने धुतले तर डाग जातो, एवढंच. माझ्या बायकोच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही आणि येऊही नये. शेजारी म्हणायचे "किती करतो बायकोसाठी!" कपडे माझेही होते त्यात.

---

वागळेचा प्रिंटवाला

ताई, तुमचा धागा रात्री वाचला आणि झोप लागली नाही. तुमच्या लेकीचा बॅनर माझ्याकडे झालेला नाही, पण होऊ शकला असता. २२ वर्षं फ्लेक्सच्या धंद्यात आहे, वागळे इस्टेटला. कसं होतं ते सांगतो.

फाइल येते व्हॉट्सॲपवर. मुळात फोनच्या कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड चालू असतो, त्याने कातडी आधीच गुळगुळीत आणि फिकी केलेली असते. मग ती डिझायनर पोरासमोर येते. त्याला आम्ही कामाला लावतो तेव्हा पहिल्या दिवशी काय शिकवतो? 'स्किन क्लीन कर. चेहऱ्याला उठाव आण.' उठाव म्हणजे काय हे कोणी समजावत नाही. तो कर्व्हज उचलतो, म्हणजे फोटोचा उजेड वाढवतो, पिवळा आणि किरमिजी कमी करतो. तीन मिनिटांत माणूस दोन शेड वर. गिऱ्हाइकाने सांगितलंच पाहिजे असं नाही. नाही केलं तर मात्र फोन येतो, "चेहरा काळा छापलाय." आजपर्यंत "चेहरा फार गोरा केलात" असा फोन मला एकदाही आलेला नाही. तुमच्या दुकानदारांनी सांगितलं ते खोटं नसणार.

यात छपाईचंही कारण आहे, ते लपवत नाही. स्क्रीनवर रंग प्रकाशाने तयार होतो, फ्लेक्सवर शाईने. सावळ्या रंगात चारही शाया एकावर एक बसतात. काळी शाई थोडी जास्त झाली की चेहऱ्यावरचे उंचसखल सगळे बुजतात, गाल आणि हनुवटी एकच दिसायला लागते. गोऱ्या चेहऱ्याला ही अडचण कमी, म्हणून सगळ्यांना गोरं करणं आम्हाला सोपं. पण उपाय आहे. फोटो काढताना चेहऱ्यावर बाजूने मऊ उजेड घ्यायचा, मागची पार्श्वभूमी फार पांढरी ठेवायची नाही, आणि फाइलमध्ये रंगाला हात न लावता फक्त काळी शाई कमी करून मधले टोन उचलायचे. वेळ लागतो. वीस मिनिटं लागतात. चौरस फुटाच्या भावात त्या वीस मिनिटांचे पैसे कोणी देत नाही.

आणि हे फक्त मुलींचं नाही. वाढदिवसाचे, नियुक्तीचे, शुभेच्छांचे बॅनर छापतो त्यात भाऊ, दादा, साहेब सगळेच गोरे होतात. फरक एवढाच की दादा बॅनरच्या मधोमध आठ फुटांचे असतात आणि महिला आघाडीच्या ताया खाली गोल चौकटीत बोराएवढ्या. त्या लेआउटची फाइल तयारच असते, नुसते चेहरे बदलतो.

---

कॅमेराफिल्मवाला

वरच्या दादांच्या मुद्द्याला जोडून. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक लॅबना एक नमुना छायाचित्र द्यायची, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोऱ्या वर्णाची स्त्री असायची आणि तिची कातडी बरोबर आली की यंत्र जुळलं असं मानायचे. काळ्यासावळ्या माणसांचे फोटो त्याच मापाने निघायचे. गोरेपणा चांगला ही आपली समजूत त्याच्या कितीतरी आधीची आहे, पण ज्या यंत्रातून आपण स्वतःला बघायला शिकलो तेही असं एका बाजूला झुकलेलं होतं. लहानपणीचे माझे आणि आतेभावाचे फोटो बघतो तेव्हा त्याचे फक्त डोळे आणि दात दिसतात.

---

मार्केटिंगमधला एक

कदाचित माझं मत इथे आवडणार नाही, तरी प्रामाणिकपणे लिहितो. जाहिरात २० सेकंदांची असते. तेवढ्यात बघणाऱ्याला कळायला हवं की ही आई, हा डॉक्टर, ही मैत्रीण. ओळखीचे साचे वापरल्याशिवाय ते होत नाही. आणि साचा आम्ही जन्माला घातलेला नाही. वधू-वर सूचक जाहिराती काढून बघा. 'गोरी', 'निमगोरी', 'गहूवर्णी' हे शब्द कुठल्या क्रीम कंपनीने शोधले नाहीत. चित्रीकरणाआधी आम्ही लोकांना चेहरे दाखवतो तेव्हा लोक, विशेषतः आया, गोऱ्या मुलीकडे बोट दाखवतात. मग जो पैसे लावतो त्याने काय करायचं?

---

आवाज माझा

मी १४ वर्षं हिंदी जाहिरातींचं मराठी करते. लिहिते आणि कधी आवाजही देते. 'साचा' या शब्दाबद्दल मला बोलायचंय, कारण तो साचा माझ्या तोंडातून जातो.

आमच्याकडे येते ती फिल्म हिंदीत झालेली असते. ओठ हलतात त्या मापात मराठी बसवायचं. त्यामुळे जाहिरातीतली मराठी आई "माझ्या परिवाराची सुरक्षा" असं बोलते. कुठली आई असं बोलते? पण ते एक वेळ सोडा. हिंदी जाहिरातीत मराठी माणूस मुळात कुठे येतो? भांडी घासायला. शांताबाई, कांताबाई. अंबाडा, घट्ट नेसलेली साडी, 'मेमसाब'ला मराठी हेल काढलेल्या हिंदीत उत्तर. दक्षिणेतला माणूस आला की 'अय्यो' म्हणणार, सरदारजी आला की मोठ्याने हसणार, बंगाली आला की मिठाई. आणि ज्याला प्रांतच नाही, ज्याच्या बोलण्याला कसलाही हेल नाही, तो घराचा मालक. २० सेकंदांची घाई मला मान्य आहे, दादा. पण त्या घाईचा भार दरवेळी त्याच माणसांच्या डोक्यावर का पडतो?

एकदा अशी फिल्म मराठीत करायची आली. आता बाईही मराठी बोलणार आणि मालकीणही मराठी बोलणार. मग फरक कसा दाखवायचा? मला सांगण्यात आलं, बाईला 'गावाकडचं' बोलू दे. मी विचारलं, कुठल्या गावचं? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी? उत्तर आलं, "काहीही, फक्त थोडं अडाणी वाटू दे." मी ते लिहून दिलं. तेव्हा मुलाच्या शाळेची फी भरायची होती. आज लिहिणार नाही.

आणि रंगाबद्दल. पूर्वी आम्हाला 'गोरेपणा' हा शब्द सरळ यायचा. हळूहळू तो यायचा बंद झाला आणि 'निखार', 'तेज', 'उजळ कांती' यायला लागलं. 'उजळ' हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. आपल्याकडे दिवा उजळतो, भांडं उजळतं, म्हणजे आधी ते काजळलेलं असतं.

---

नियम वाचणारी

हे शब्द का बदलले त्याची थोडी माहिती देते, कामाचा भाग म्हणून वाचलेलं आहे.

फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये. पुरुषांसाठी इमामीची फेअर अँड हँडसम २००५ मध्ये आली, म्हणजे मुलग्यांनाही त्या रांगेत उभं केलं. जाहिरात उद्योगाने स्वतःसाठी नेमलेली संस्था म्हणजे ॲस्की, १९८५ पासूनची, मुंबईतच आहे. तिने २०१४ मध्ये त्वचा उजळवण्याच्या उत्पादनांसाठी नियम काढले: सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेली दाखवायची नाही; रंगाचा संबंध जात, समाज, व्यवसाय किंवा आर्थिक स्तराशी जोडायचा नाही; 'वापरण्याआधी'च्या चित्रातला चेहरा पडलेला दाखवायचा नाही. २०२०च्या जुलैमध्ये फेअर अँड लव्हलीला ग्लो अँड लव्हली हे नवं नाव आलं. त्याच्या आदल्या वर्षी वेष्टनावरचे दोन चेहरे आणि रंगछटांची पट्टी काढली होती.

स्त्री-पुरुषांच्या चित्रणाबद्दल ॲस्कीचे नियम जून २०२२ चे आहेत आणि ते समतोल वाटले मला. बाई घर आवरते आहे असं दाखवायला बंदी नाही. पण ते काम फक्त तिचंच आहे किंवा पुरुष ते कधीच करत नाही, असं सुचवायला मनाई आहे. ग्लॅमरबद्दलही आहे: देखणी माणसं खुशाल दाखवा, पण तसं शरीर किंवा तसा चेहरा असेल तरच सुख मिळेल असं सुचवू नका. कोणीही सामान्य माणूस तक्रार करू शकतो, पैसे लागत नाहीत. शिवाय स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ चा कायदा आहे, तो वेगळा.

पण ताई, तुमच्या बाबतीत यातलं काहीच लागू पडणार नाही असं मला वाटतं. तिथे क्रीम नाही, दावा नाही, एक वाक्यसुद्धा नाही. नुसता रंग बदलला आहे. नियम शब्द पकडतात. वीस मिनिटं वाचवण्यासाठी केलेला बदल कुठल्या कलमात बसवणार?

---

घणसोलीचा

ठाण्याचा धागा आहे, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रोज जातो म्हणून लिहितो.

नवी मुंबई वसवण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. त्यात आमचीही भातशेती गेली. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरचे होर्डिंग आहेत. होर्डिंगवर कोण? सोनेरी केसांची बाई, हातात उंच पेला. गोरा पुरुष, गोल्फची काठी. गोरं बाळ. टॉवरचं नाव युरोपातल्या कुठल्यातरी गावाचं. त्या इमारतीत पुढे राहायला येतात ती माणसंसुद्धा तशी दिसत नाहीत. म्हणजे ते चित्र आमचंही नाही आणि त्यांचंही नाही.

आगरी-कोळी माणूस जाहिरातीत कधी दिसतो? कोळीण, डोक्यावर टोपली, कमरेवर हात, भांडखोर. माझी बहीण बँकेत अधिकारी आहे. आई मिठागरात राबली, उन्हाने रापलेली, हातावर मिठाचे व्रण. ती बाई इतकी देखणी आहे की लग्नात अंगावर सोनं घालून उभी राहिली की लोक वळून बघतात. दागिन्यांच्या दुकानांचं अर्धं सोनं आमच्या बायकांनी विकत घेतलंय, पण होर्डिंगवर त्यांच्यासारखा एकही चेहरा मी पाहिला नाही.

---

वर्तकनगरची बाई (शाळेतली)

मी आठवीच्या मुलींना एक खेळ देते. मासिकातली जाहिरात घ्यायची, वस्तू आणि नाव कागदाने झाकायचं आणि नुसतं चित्र बघून काय विकतायत ते ओळखायचं. कोणाची नजर कुठे आहे तेही लिहायचं. मुली पटकन पकडतात. पुरुष आपल्याकडे किंवा लांब कुठेतरी बघतो. बाई पुरुषाकडे, मुलाकडे किंवा ताटाकडे बघते. सिमेंटच्या जाहिरातीत बाप आणि मुलगा असतात, मुलगी नसते. परफ्यूम कुठलं ते एकीलाही ओळखता आलं नाही, कारण चित्रात फक्त खांदा होता.

येऊरच्या पाड्यावरून येणारी एक वारली मुलगी गप्प बसून होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, आम्ही फक्त सरकारी योजनेच्या जाहिरातीत असतो. हात जोडून किंवा हसत." वर्ग शांत झाला. पुलाखालच्या भिंतींवर, हॉटेलांत, कुर्त्यांवर, पिशव्यांवर वारली चित्रं आहेत. वारली माणूस मात्र तिने सांगितला तेवढाच.

मी तिला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

---

मार्केटिंगमधला एक

वर्तकनगरच्या बाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'लोकांना हेच हवं असतं' अशा अर्थाचं मी लिहिलं होतं, त्यात एक गोष्ट राहिली. आम्ही लोकांना निवडायला जे चेहरे देतो, ते आम्हीच आधी गाळलेले असतात. सहा चेहऱ्यांत सावळा एक, बहुतेकदा तोही नाही. २०१३ साली तनिष्कने पुनर्विवाहाची जाहिरात केली. सावळी नवरी, सोबत तिची लहान मुलगी, आणि तिलाही फेऱ्यांमध्ये सामावून घेणारा नवरा. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी जुनीच यादी पुढे ओढली. यात मीही होतो.

---

वागळेचा प्रिंटवाला

ताई, फोटोंच्या मूळ फाइल्स असतील तर लेकीला घेऊन या. व्हॉट्सॲपवरून नको, पेन ड्राइव्हवर आणा. एक तुकडा नीट छापून देतो. पैसे घेणार नाही. आमच्या पोरांनाही शिकायला मिळेल.

---

तलावपाळीवरची (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आठवड्याने लिहिते आहे.

सुदैवाने त्या दिवशी मोठ्या कॅमेऱ्यावरही थोडे फोटो काढलेले होते. लेक शनिवारी वागळेला गेली. परवा पुन्हा गेली, आता तिथला मुलगा तिला टोन कसे उचलायचे ते दाखवतो आहे. प्रिंटवाल्या दादांनी तीन फुटांच्या दोन पट्ट्या छापल्या, एक बॅनरसारखी आणि एक तिच्या रंगाची. दोन्ही आमच्या बाल्कनीत टांगल्या होत्या. संध्याकाळच्या उन्हात तिच्या रंगाच्या पट्टीवर पैठणीचा जांभळा असा काही उठून आला की सोसायटीतल्या बायका खालून साडी कुठली म्हणून विचारत होत्या. गोऱ्या पट्टीवर तीच साडी विटलेली वाटत होती. भुवईवरची खूणही आहे. सासूबाईंनी दोन्हींकडे खूप वेळ पाहिलं, काही बोलल्या नाहीत. रात्री तिच्या केसांना तेल लावून दिलं, जे त्यांनी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

काल त्या दोन्ही पट्ट्या घेऊन मी दुकानात गेले. दुकानदारांनी काउंटरवर शेजारी शेजारी पसरल्या. गल्ल्यावर त्यांची मुलगी बसली होती, तिने लगेच दुसरीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "साडी यातच दिसते." मग थोडं थांबून विचारलं, "गुढीपाडव्याला स्वागतयात्रेच्या वेळी बॅनर लावतो. तेव्हा हीच मुलगी मिळेल का?"

लेकीने अजून उत्तर दिलेलं नाही. म्हणाली, छपाईच्या वेळी मी तिथे बसणार असेन तर विचार करीन.